फ्रँचायझी-विधी

एखाद्या व्यापाऱ्याने आपले व्यापारनाम, व्यापारचिन्ह, व्यवसायपद्धती व तांत्रिक ज्ञान वापरण्याचा हक्क ठराविक मोबदल्यात, ठराविक मुदतीसाठी व बहुधा ठराविक क्षेत्रापुरता दुसऱ्या स्वतंत्र व्यापाऱ्यास देणे, या व्यवस्थेस फ्रँचायझी असे म्हणतात. हक्क देणारा तो दाता आणि घेणारा तो धारक होय. या दोघांतील संबंधांचे नियमन करणाऱ्या नियमांच्या समुच्चयास फ्रँचायझी-विधी ही संज्ञा आहे. भारतात या विषयावर स्वतंत्र अधिनियम नाही. संविदा, व्यापारचिन्हे, स्पर्धा, भाडे, कर व लवाद यांविषयीच्या निरनिराळ्या अधिनियमांतून व न्यायनिर्णयांतून तो गोळा करावा लागतो. त्यामुळे त्याचा अभ्यास व त्यावर आधारलेला वकिली व्यवसाय यांना विशेष महत्त्व आले आहे.

स्वरूप : फ्रँचायझी ही अभिकरण, वितरण व भागीदारी या तिन्हींहून वेगळी आहे. अभिकर्ता मालकाच्या वतीने व्यवहार करतो व त्याच्या कृतीने मालक बांधला जातो [⟶ अभिकर्ता]. वितरक माल विकत घेतो व स्वतःच्या नावाने विकतो. भागीदार नफा व तोटा दोन्ही वाटून घेतात. धारक मात्र स्वतःचे भांडवल घालतो, तोट्याची जोखीम एकटा उचलतो आणि तरीही दुकानावर नाव दुसऱ्याचे लावतो. ग्राहकाच्या दृष्टीने ते दुकान दात्याचे असते, कायद्याच्या दृष्टीने ते धारकाचे असते. या द्वैतातूनच या विधीतील बहुतेक प्रश्न निर्माण होतात.

भारतीय कायद्यातील फ्रँचायझीची एक तपशीलवार व्याख्या करविषयक तरतुदींत आढळते. १ जुलै २००३ पासून या व्यवहारावर सेवाकर लागू झाला, त्या वेळी वित्त अधिनियमात चार लक्षणे सांगितली होती : धारकास दात्याच्या नावाशी निगडित अशा विक्रीचा, उत्पादनाचा वा सेवेचा प्रातिनिधिक हक्क मिळणे, दात्याने व्यवसायपद्धती, प्रशिक्षण व गुणनियंत्रणाची मानके पुरविणे, धारकाने शुल्क देणे, आणि त्याने दुसऱ्या कोणाचा तत्सम व्यवसाय न करणे. २००५ मध्ये व्याख्या रुंदावून पहिले लक्षण तेवढे ठेवण्यात आले. १ जुलै २०१७ पासून सेवाकराची जागा वस्तू व सेवा कराने घेतली. तथापि फ्रँचायझी ओळखण्यासाठी मूळची चार लक्षणे आजही उपयुक्त ठरतात.

इतिहास : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत सिंगर या शिवणयंत्राच्या कंपनीने क्षेत्रवार विक्रेते नेमले, तेव्हापासून या पद्धतीचा आरंभ मानला जातो. पुढे मोटारगाड्या, पेट्रोल व बाटलीबंद पेये यांच्या विक्रीत ती रूढ झाली. १९५५ मध्ये रे क्रॉक यांनी मॅकडोनल्डचा विस्तार हाती घेतल्यानंतर संपूर्ण व्यवसायपद्धतीच अनुज्ञेवर देण्याचा प्रकार जगभर पसरला. प्रसाराबरोबर फसवणुकीच्या तक्रारीही वाढल्या. कॅलिफोर्निया राज्याने १९७० मध्ये पहिला प्रकटीकरण-कायदा केला आणि १९७८ मध्ये अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने सर्व देशासाठी नियम केला. २००७ मध्ये सुधारलेल्या या नियमानुसार दात्याने करारावर सही होण्यापूर्वी किंवा पैसे घेण्यापूर्वी किमान १४ दिवस तेवीस बाबींची लेखी माहिती इच्छुकास द्यावी लागते. फ्रान्सने १९८९ मध्ये असाच कायदा केला. रोम येथील युनिड्रॉ या संस्थेने २००२ मध्ये सर्व देशांसाठी नमुना-कायदा प्रसिद्ध केला. यूरोपीय न्यायालयाने १९८६ मध्ये प्रोनुप्शिया खटल्यात, नाव व पद्धती यांच्या रक्षणासाठी आवश्यक असलेली बंधने स्पर्धाविरोधी नव्हेत, असा निर्णय दिला.

भारतात १९९१ नंतरच्या उदारीकरणाने या पद्धतीस गती मिळाली. परदेशी दात्यास द्यावयाच्या स्वामित्वधनावरील टक्केवारीच्या मर्यादा डिसेंबर २००९ मध्ये काढून टाकण्यात आल्या. देशी व्यापाऱ्यांनीही ही पद्धती स्वीकारली. मुंबईत मालाड येथे २००१ मध्ये सुरू झालेल्या जंबोकिंगने वडापावसारखा रस्त्यावरचा पदार्थ या मार्गाने अनेक दुकानांत नेला.

इतवारी व नावाची विभागणी : नागपूर शहराच्या जुन्या भागातील इतवारी ही विदर्भातील प्रमुख घाऊक पेठांपैकी एक होय. किराणा, धान्य, कापड, भांडी व सोनेचांदी यांचे व्यवहार येथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. या पेठेत आढत, दलाली व एजन्सी हे संबंध परंपरेने परिचित आहेत. त्यांचा पाया वहीखाते, शब्द व ओळख हा असतो. फ्रँचायझी-करार मात्र छापील, दीर्घ, बहुधा इंग्रजीत व दुसऱ्या शहरात तयार झालेला असतो. पेढीवरच्या व्यापाऱ्यास ‘एजन्सी मिळाली’ असे वाटते. वस्तुतः त्याने स्वीकारलेला संबंध अगदी निराळा असतो.

एकच नाव अनेक हातांत गेले म्हणजे कोणते प्रश्न उभे राहतात, याचे उदाहरण नागपूरशी निगडित असलेल्या हलदीराम या नावात सापडते. मूळचे बिकानेर येथील गंगाबिशन अगरवाल ऊर्फ हलदीराम यांच्या भुजियाच्या व्यवसायाच्या शाखा कोलकाता, नागपूर व दिल्ली येथे वाढल्या. नागपूरची शाखा नमकीनाबरोबरच संत्रा बर्फीसाठी प्रसिद्ध झाली. व्यापारचिन्हाच्या नोंदणीसाठी १९७२ मध्ये अर्ज करण्यात आला होता. पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या दाव्यातील कथनानुसार, भागीदारी १९७४ मध्ये विसर्जित झाली तेव्हा या चिन्हाचा पश्चिम बंगालपुरता हक्क एका शाखेकडे व उर्वरित भारतातील हक्क दुसऱ्या शाखेकडे गेला. १९९१ मध्ये दिल्लीत त्याच नावाचे दुसरे दुकान निघाल्यावर वाद न्यायालयात आला. वादी पेढी नोंदलेली नसल्याने भागीदारी अधिनियम, १९३२ च्या कलम ६९ (२) प्रमाणे दावा चालू शकत नाही, असा प्रतिवादीचा आक्षेप होता. दुसऱ्याच्या नावाखाली आपला माल खपविण्यास मनाई मागण्याचा हक्क करारातून नव्हे, तर सामान्य विधीतून येतो व चिन्हाच्या रक्षणाचा हक्क अधिनियमातून येतो. म्हणून त्यास ते कलम आड येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये ठरविले. एप्रिल २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने हे चिन्ह सुविख्यात असल्याचे जाहीर केले आणि एप्रिल २०२५ मध्ये दिल्ली व नागपूर शाखांचे पॅकबंद खाद्यपदार्थांचे व्यवसाय एका कंपनीत एकत्र आले.

हा वाद कुटुंबांतर्गत विभागणीचा असून शुद्ध फ्रँचायझीचा नव्हे. तरीही त्यातून धारकाने घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. नावाचा मालक कोण, त्याचा हक्क कोणत्या प्रदेशात चालतो आणि त्यावर दुसऱ्या कोणाचा दावा आहे काय, हे पाहिल्याशिवाय नावासाठी पैसे देऊ नयेत. नाव भाड्याने घेणाऱ्यास नाव देणाऱ्यापेक्षा अधिक हक्क मिळू शकत नाही.

व्यापारचिन्ह : व्यापारचिन्ह हा फ्रँचायझीचा गाभा होय [⟶ व्यापारचिन्हे]. १९५८ च्या अधिनियमान्वये केवळ मालाच्या चिन्हांची नोंदणी होत असे. १५ सप्टेंबर २००३ पासून अंमलात आलेल्या व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ ने सेवांच्या चिन्हांचीही नोंदणी शक्य केली आणि उपाहारगृहे, शिकवण्या, केशकर्तनालये इत्यादींच्या फ्रँचायझीस बळकट आधार मिळाला. नमकीन व मिठाई सामान्यतः ३० व्या वर्गात, तर उपाहारगृहाची सेवा ४३ व्या वर्गात येते. एका वर्गातील नोंदणी असलेला दाता दुसऱ्या वर्गातील व्यवसायासाठी नाव देत नाही ना, हे तपासणे अगत्याचे असते. नोंदणी दहा वर्षांसाठी असते व तिचे नूतनीकरण करता येते. नोंदणीकृत वापरकर्ता म्हणून धारकाची नोंद झालेली नसली, तरी मालकाच्या लेखी संमतीने व कराराच्या अटींनुसार केलेला वापर नव्या अधिनियमात अनुज्ञात मानला जातो. दात्याने गुणवत्तेवर नियंत्रण ठेवले नाही, तर चिन्हाचे वेगळेपण नष्ट होण्याचा धोका असतो. यासाठीच करारात तपासणीची कलमे कडक असतात.

माहितीचे प्रकटीकरण : भारतात सहीपूर्वी ठराविक माहिती देण्याची सक्ती दात्यावर नाही. भारतीय संविदा अधिनियम, १८७२ मधील फसवणूक (कलम १७) व गैरनिवेदन (कलम १८) यांवरच धारकास भिस्त ठेवावी लागते [⟶ संविदा कायदा]. कलम १७ च्या स्पष्टीकरणानुसार केवळ मौन ही फसवणूक नव्हे. बोलण्याचे कर्तव्य असेल किंवा मौन हेच बोलण्यासारखे असेल, तरच ती ठरते. कलम १९ मधील अपवादानुसार गैरनिवेदन किंवा फसवे मौन यांमुळे संमती मिळविलेली असली, तरी सामान्य दक्षतेने सत्य शोधून काढण्याचे साधन हाती असल्यास करार रद्द करता येत नाही. याचा व्यावहारिक अर्थ असा, की न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर न मिळाल्याची तक्रार बहुधा टिकत नाही. किती दुकाने उघडली, किती बंद पडली, बंद पडण्याची कारणे कोणती, दात्यावर कोणते दावे चालू आहेत, हे प्रश्न लेखी विचारणे व उत्तरे कराराचा भाग करून घेणे, हाच उपाय राहतो.

स्वामित्वधनाचा हिशेब : स्वामित्वधन नफ्यावर नसून विक्रीवर आकारले जाते, ही गोष्ट अनेकदा दुर्लक्षिली जाते. उदाहरणार्थ, एखाद्या दुकानाची मासिक विक्री ३ लाख रुपये असून मालाचा खर्च विक्रीच्या ६० टक्के, म्हणजे १ लाख ८० हजार रुपये आहे असे मानू. उरलेल्या १ लाख २० हजारांतून भाडे ३५ हजार, पगार ४० हजार व वीज आणि किरकोळ खर्च १७ हजार वजा जाता २८ हजार रुपये राहतात. सहा टक्के स्वामित्वधनापोटी १८ हजार व दोन टक्के जाहिरात-वर्गणीपोटी ६ हजार दिल्यावर धारकाच्या हाती ४ हजार रुपये उरतात. दुकानाची सजावट व प्रवेशशुल्क यांसाठी २० लाख रुपये दरसाल १२ टक्क्यांनी कर्जाऊ घेतले असल्यास मासिक व्याजच २० हजार होते. म्हणजे दात्यास दरमहा २४ हजार रुपये मिळत असताना धारकास १६ हजार रुपयांचा तोटा होतो. अशा दुकानामागे पुष्कळदा घरचे दागिने, निवृत्तिवेतनाची रक्कम किंवा गहाण ठेवलेले घर असते. म्हणून करार वाचताना हिशेबाचा कागद शेजारी असणे आवश्यक आहे.

व्यापारास प्रतिबंध : संविदा अधिनियमाच्या कलम २७ नुसार कोणासही कायदेशीर व्यवसाय करण्यास प्रतिबंध करणारा करार त्या मर्यादेपर्यंत शून्य असतो; व्यवसायाची ख्याती विकणाऱ्यावर घातलेला वाजवी प्रतिबंध हा त्यास अपवाद आहे. या कलमाचे मूळ डेव्हिड डडली फील्ड यांनी न्यूयॉर्कसाठी केलेल्या संहितेच्या मसुद्यात आहे. गुजरात बॉटलिंग कंपनी विरुद्ध कोका-कोला कंपनी (१९९५) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुदत चालू असताना लागू असणारे व मुदतीनंतर लागू होणारे बंधन यांत भेद केला. करार चालू असेतो धारकाने प्रतिस्पर्ध्याचा माल तयार करू नये वा विकू नये, ही अट व्यापारवृद्धीस पोषक असल्याने सामान्यतः वैध ठरते. करार संपल्यानंतर त्याने तो व्यवसायच करू नये, ही अट मात्र टिकत नाही. वडिलोपार्जित मिठाईच्या धंद्यातील व्यापाऱ्याने काही वर्षे दुसऱ्याचे नाव लावल्यामुळे त्याचा मूळ धंदा कायमचा हिरावला जाऊ नये, हे या कलमाने साधते. दात्याचे नाव, पाककृतींची गुपिते व सजावट वापरण्याचा हक्क मात्र त्यास उरत नाही.

दात्याकडूनच कच्चा माल घेण्याची सक्ती किंवा क्षेत्रांची वाटणी यांमुळे भारतातील स्पर्धेवर लक्षणीय प्रतिकूल परिणाम होत असल्यास, स्पर्धा अधिनियम, २००२ च्या कलम ३ (४) खाली तिची तपासणी होऊ शकते.

कराराची समाप्ती : या विधीतील सर्वांत कठीण प्रश्न समाप्तीचा आहे. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम १४ नुसार स्वरूपतःच संपुष्टात आणता येण्याजोग्या कराराची प्रत्यक्ष अंमलबजावणी न्यायालय करवीत नाही. इंडियन ऑइल कॉर्पोरेशन विरुद्ध अमृतसर गॅस सर्व्हिस (१९९१) या खटल्यात तीस दिवसांच्या सूचनेने संपविता येणारी वितरणसंस्था अयोग्य रीतीने रद्द झाली असतानाही, वितरकास त्या तीस दिवसांच्या उत्पन्नाइतकीच भरपाई योग्य ठरविण्यात आली. त्यामुळे पंचवीस लाख रुपये गुंतविणाऱ्या धारकाच्या करारात ‘कोणतेही कारण न देता तीस दिवसांत’ असे शब्द असतील, तर त्याची कायदेशीर सुरक्षितता जवळजवळ त्या तीस दिवसांपुरतीच असते. गुंतवणूक वसूल होण्यास लागणाऱ्या काळाइतकी किमान मुदत, दोष दुरुस्त करण्याची संधी, उरलेला माल परत घेण्याची हमी व अनामत परत करण्याची तारीख, ही कलमे म्हणूनच सहीपूर्वी मागावी लागतात. अनामत जप्तीच्या बाबतीत कलम ७४ धारकाच्या मदतीस येते. त्यानुसार ठरलेल्या रकमेच्या मर्यादेत वाजवी तेवढीच भरपाई मिळते.

जागा व परवाने : इतवारीसारख्या जुन्या पेठांत दुकानाची जागा अनेकदा भाड्याची वा पागडीची असते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १६ नुसार बेकायदा पोटभाडे, तसेच मालकाच्या लेखी संमतीविना केलेले कायम स्वरूपाचे बांधकाम ही जागा परत मिळविण्याची कारणे आहेत. दुकान धारकाच्या नावे ठेवून ते दात्याने चालवावे, अशा योजनेत ताबा नेमका कोणाकडे राहतो, यावर भाडेकरूचा हक्क अवलंबून असतो. दात्याच्या नमुन्याप्रमाणे पोटमाळा किंवा नवी भिंत घालण्यापूर्वीही मालकाची लेखी संमती घ्यावी. खाद्यपदार्थांच्या दुकानास अन्नसुरक्षा व मानके अधिनियम, २००६ खालील नोंदणी वा परवाना स्वतंत्रपणे लागतो. दात्याचा परवाना त्यास पुरत नाही.

वादनिवारण : वाणिज्यिक न्यायालये अधिनियम, २०१५ मधील वाणिज्यिक वादाच्या व्याख्येत फ्रँचायझी-करारांचा स्पष्ट उल्लेख आहे. २०१८ च्या दुरुस्तीने अशा वादांची किमान रक्कम एक कोटीवरून तीन लाख रुपयांवर आणल्यामुळे छोट्या धारकासही ही न्यायालये खुली झाली. तातडीचा अनुतोष मागावयाचा नसल्यास दाव्यापूर्वी मध्यस्थीचा प्रयत्न सक्तीचा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये पाटील ऑटोमेशन खटल्यात ठरविले. बहुतेक करारांत लवादाचे कलम असते. निकालात हितसंबंध असलेल्या व्यक्तीस एकमेव लवाद एकतर्फी नेमता येत नाही, हे २०१९ च्या पर्किन्स ईस्टमन निर्णयाने स्पष्ट झाले. ‘वाद केवळ दिल्लीच्या न्यायालयात’ अशा अटी, त्या न्यायालयास मुळात अधिकारिता असेल तर, सामान्यतः वैध असतात. नागपूरच्या छोट्या दुकानदारास अशा अटीमुळे न्याय अतिशय महाग पडतो. ही अट सहीनंतर बदलता येत नाही, सहीपूर्वी पुष्कळदा बदलून मिळते.

विधिव्यवसाय : या विषयावर वकिली उभारणाऱ्यास न्यायालयातील युक्तिवादाइतकेच कार्यालयातील मसुदालेखन महत्त्वाचे असते. नागपूर यासाठी अनुकूल केंद्र आहे. मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ, २०१६ पासून अध्यापन करणारे महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ व बौद्धिक संपदेचे प्रशिक्षण देणारी राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था या शहरात आहेत. व्यापारचिन्हांची महाराष्ट्रासाठीची नोंदवही मुंबईस असली, तरी अर्ज व शोध संगणकाद्वारे कोठूनही करता येतात.

दात्याच्या वकिलाचे काम चिन्हाची नोंदणी, नमुना-करार, कार्यपद्धतीची पुस्तिका व मुद्रांकशुल्क यांपासून सुरू होते. धारकाच्या वकिलाचे काम चिन्हाचा शोध, प्रश्नावली, भाडेपत्राची तपासणी व समाप्तीच्या अटींवरील वाटाघाटी हे असते. सनदी लेखापालाच्या सहकार्याविना यांतील कोणतेही काम पुरे होत नाही. करारातील प्रत्येक महत्त्वाचे कलम अशिलाच्या भाषेत, म्हणजे येथे मराठीत वा हिंदीत, लिहून देण्याची प्रथा इष्ट होय. व्यापाऱ्यास समजलेला करार मोडण्याचे प्रसंग कमी येतात.

भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियमांनी या व्यवसायास मर्यादा घातल्या आहेत. वकिलास जाहिरात करून कामे मिळविता येत नाहीत, निकालावर अवलंबून असणारे शुल्क ठरविता येत नाही व स्वतः व्यापार चालविता येत नाही. एखाद्या बाबतीत एका पक्षास सल्ला दिल्यानंतर त्याच बाबतीत विरुद्ध पक्षासाठी उभे राहता येत नाही. इतवारीसारख्या पेठेत, जेथे दाता, धारक, घरमालक व पुरवठादार एकमेकांचे शेजारी वा नातलग असतात, तेथे हा शेवटचा नियम कसोटीचा ठरतो. दोन्ही पक्षांनी ‘तुम्हीच दोघांचे कागद करून द्या’ अशी विनंती केली, तरी हितसंबंध परस्परविरोधी असल्याने दुसऱ्यास स्वतंत्र सल्ला घेण्यास सांगणे श्रेयस्कर असते. अशा पेठेत वकिलाचा लौकिक जाहिरातीने नव्हे, तर त्याने टाळलेल्या दाव्यांनी वाढतो.

प्रकटीकरणाचा स्वतंत्र कायदा भारतात असावा काय, याविषयी मतभेद आहेत. कायद्याने खर्च वाढेल व छोट्या देशी दात्यांची वाढ खुंटेल, असे एक मत आहे. माहितीअभावी होणारे नुकसान सर्वस्वी धारकावर पडते, असे दुसरे मत आहे. दात्याच्या अनेक दुकानांपैकी एक बंद पडल्यास त्याचे फारसे बिघडत नाही; धारकाचे मात्र तेच एक दुकान असते. ही विषमता जोवर अधिनियमाने दूर झालेली नाही, तोवर सहीपूर्वी केलेली चौकशी व नेमक्या शब्दांत लिहिलेला करार हेच धारकाचे मुख्य संरक्षण होय.